सळईशिवाय ४३ मीटर

रोममधल्या पँथिऑनच्या घुमटाचा आतला व्यास ४३.३ मीटर आहे आणि जमिनीपासून माथ्यावरच्या उघड्या झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे ४३.३ मीटर व्यासाचा अख्खा गोल या वास्तूत बसेल. वर तो घुमटाला आतून चिकटेल आणि खाली फरशीला टेकेल. त्या गोलाचं घनफळ भरतं साडेबेचाळीस हजार घनमीटर. एवढ्या पोकळीवर जे छत आहे ते काँक्रीटचं आहे आणि त्यात लोखंडाची एकही सळई नाही. इसवी सन १२५ च्या आसपास, सम्राट हेड्रियनच्या काळात ते पुरं झालं. सळयांविना बांधलेला काँक्रीटचा याहून मोठा घुमट आजही जगात नाही.

मला मात्र या सगळ्यात सर्वांत थक्क करणारा आकडा वाटतो तो साधा दोन. पँथिऑनच्या शंभराहून अधिक वर्षं आधी नेपल्सजवळच्या बाईए गावी रोमन गवंड्यांनी स्नानगृहावर काँक्रीटचा घुमट चढवला होता. त्याचा व्यास साडेएकवीस मीटर. पँथिऑन त्याच्या दुप्पट. दुप्पट म्हटलं की फार वाटत नाही. पण घुमट सगळ्या मापांनी दुप्पट केला की वजन आठपट होतं आणि ते पेलणारा काँक्रीटचा छेद मात्र चौपटच वाढतो. साहजिकच प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा ताण दुप्पट. हा नियम नीट शब्दांत मांडला तो गॅलिलिओने, १६३८ च्या ग्रंथात. रोमन स्थपतींकडे असं काही लिहिलेलं नव्हतं. तरीही आकार वाढवताना वजनाशी कुठे झुंजावं लागणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, याची साक्ष घुमट स्वतःच देतो.

कशी, ते पाहण्यासारखं आहे. या घुमटाचं वजन साडेचार हजार टनांच्या घरात सांगतात. आतला परीघ १३६ मीटर. भागाकार केला तर तळाच्या दर मीटरवर ३३ टन येतात. म्हणून खालची भिंत सुमारे सहा मीटर जाड आहे. तीही सलग नाही. तिच्यात मोठमोठे कोनाडे आणि पोकळ्या ठेवल्या आहेत आणि भिंतीत लपवलेल्या विटांच्या कमानी वरचा भार आठ भक्कम आधारांवर नेऊन सोडतात.

खरी करामत काँक्रीटच्या पोटात आहे. पायात ट्रॅव्हर्टाइन या जड दगडाचे तुकडे. जसजसं वर जावं तसा दगड हलका होत जातो: आधी ट्रॅव्हर्टाइनसोबत टफ नावाचा ज्वालामुखीचा मऊ दगड, मग टफ आणि विटांचे तुकडे, आणि माथ्याजवळ टफबरोबर छिद्राछिद्रांचा, फुलासारखा हलका ज्वालामुखीचा दगड. पायातलं काँक्रीट घनमीटरला २२०० किलो, माथ्याजवळचं १३५०. आपल्या घराच्या स्लॅबचं काँक्रीट २४०० किलोच्या आसपास असतं. जाडीही तशीच उतरती आहे. तळाशी सुमारे सहा मीटर, झरोक्याच्या काठाशी जेमतेम १.२ मीटर. प्रिन्स्टन विद्यापीठाचे रॉबर्ट मार्क आणि पॉल हचिन्सन यांनी १९८०च्या दशकात हा घुमट संगणकावर तपासला. वरपर्यंत एकच जड काँक्रीट वापरलं असतं तर ताण ८० टक्क्यांनी वाढला असता, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

हे काँक्रीट पंपाने ओतलेलं नव्हतं. चुना आणि ज्वालामुखीची राख यांचा घट्ट गिलावा, त्यावर दगडांचे तुकडे, पुन्हा गिलावा, असे थरांवर थर माणसांनी हातांनी रचले. खाली लाकडाचं सेंट्रिंग. ४३ मीटर रुंद आणि तेवढ्याच उंचीपर्यंत नेलेलं सेंट्रिंग! त्या सुतारांपैकी एकाचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आतल्या बाजूने घुमटावर चौकोनी खोलगट कप्प्यांच्या पाच ओळी आहेत, प्रत्येकीत २८. एकूण १४०. वर्तुळाचे २८ समान भाग नुसत्या कंपास-पट्टीने अचूक करताच येत नाहीत, कारण त्यात सात लपलेला आहे. हे गणिताने सिद्ध झालं एकोणिसाव्या शतकात. १६ किंवा ३२ भाग केले असते तर काम किती सोपं झालं असतं. पण त्यांनी २८ निवडले आणि डोळ्याला चूक दिसणार नाही इतके नेमके उतरवले.

आणि हा घुमट तडकलेला आहे. अर्धगोलाचा खालचा भाग सतत बाहेर पसरू पाहतो आणि काँक्रीटला ताण सोसत नाही. त्यामुळे तळापासून उभ्या चिरा गेल्या, त्या अर्ध्याहून वर पोचल्या. चिरांमुळे घुमटाचे जणू उभे काप झाले आणि प्रत्येक काप समोरच्या कापाला माथ्यावर टेकून कमानीसारखा उभा राहिला. झरोक्याभोवतीचं कडं त्या सगळ्यांच्या दाबाने आणखीच घट्ट आवळलं जातं. म्हणून सुमारे नऊ मीटरचं भोक तिथे निर्धास्त राहू शकतं. बाहेरून तळाशी चढवलेली पायऱ्यांसारखी कडी त्याच जागी वजन देऊन पसरणं रोखतात.

विजापूरच्या गोल घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर, आणि तो सतराव्या शतकातला. रोममध्येच सेंट पीटर्सचा घुमट उभा राहायला १५९० साल उजाडलं. त्याचा व्यास ४१.५ मीटर, म्हणजे पँथिऑनपेक्षा जवळजवळ दोन मीटर कमी. त्यालाही चिरा पडल्या, तेव्हा गणितज्ञांना बोलावून तपासणी करावी लागली आणि १७४०च्या दशकात त्याच्याभोवती नवी लोखंडी कडी आवळावी लागली. पँथिऑनच्या घुमटाला असं एकही कडं घालावं लागलेलं नाही.