स्टिअरिंग हलके हवे की जड?

उभ्या मोटारीचे स्टिअरिंग फिरवायला बराच जोर लागतो. गाडी जराशी पुढे सरकू लागली की तेच स्टिअरिंग सैल पडते. आणि वेगात वळण घेताना ते पुन्हा हाताला थोडा विरोध करू लागते. चालकांना हे सवयीने माहीत असते, पण त्याचे कारण फारसे कोणी विचारत नाही. हाताची मेहनत वाचवणाऱ्या पॉवर स्टिअरिंगने आपली मदत वेग वाढताच आखडती का घ्यावी, हे समजण्यासाठी मात्र हे कारण पाहावेच लागते. त्यासाठी घर्षण, आघूर्ण आणि वर्तुळाकार गती एवढे शालेय भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

उभ्या गाडीचे चाक

पुढच्या एका चाकावर ३०० किलोग्रॅमचा भार आहे आणि टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम आहे असे धरू. भाराला दाबाने भागले की टायरचा रस्त्यावरील ठसा मिळतो : सुमारे १५० चौ. सें.मी., म्हणजे पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवले की हा सगळा ठसा जागच्या जागी रस्त्यावर घासत फिरतो.

आता भार दुप्पट करा. घर्षणबल दुप्पट होईल. पण ठशाचे क्षेत्रफळही दुप्पट होईल, म्हणजे त्याची लांबी-रुंदी सुमारे १.४ पट होईल. त्यामुळे घर्षण जिथे लागते ती ठिकाणे मध्यापासून तितकीच दूर जातील. आघूर्ण म्हणजे बल गुणिले अंतर. तेव्हा चाक फिरवण्यास लागणारे आघूर्ण दुप्पट न होता सुमारे २.८ पट होते. जड मोटारी आणि ट्रक यांची स्टिअरिंगे पूर्वी का दमवत असत, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

विद्यार्थ्यांना हे सायकलवरही दाखवता येईल. एकाला सायकलवर बसवा, दोघांनी ती धरून ठेवा आणि हँडल फिरवून पाहा. मग सायकल हळू ढकलत पुन्हा फिरवा. चाक फिरत असले की ठशाखाली सतत नवे रबर येते, जुने उचलले जाते आणि पीळ साठून राहत नाही. हँडल लगेच हलके लागते.

मदतनीस तेल

हात आणि चाक यांच्यामध्ये दाते कमी-अधिक करून जोर वाचवता येतो. स्टिअरिंग १६ अंश फिरवल्यावर चाक १ अंश वळावे अशी रचना अनेक मोटारींत असते. हे प्रमाण आणखी वाढवले तर हात हलका होईल, पण वळणावर स्टिअरिंगला घिरट्याच घालत बसावे लागेल. म्हणून बाहेरच्या शक्तीची मदत घ्यावी लागली. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२०च्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारी अशी यंत्रणा तयार केली. विक्रीच्या मोटारीत ती आली १९५१ साली, क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीबरोबर.

या यंत्रणेचे मर्म आहे एक बारीक पोलादी दांडी. स्टिअरिंगचा दांडा आणि खालचे दातेरी चाक यांना ती जोडते. आपण जोर लावला की तिला थोडा पीळ बसतो. त्या पिळाच्या प्रमाणात एक झडप उघडते आणि पंपाचे तेल योग्य त्या बाजूने दट्ट्यावर दाब देते. म्हणजे पीळ हीच मदतीची मागणी. आपण जोर काढला की पीळ सुटतो आणि मदतही थांबते.

एक अंश, दोन वेग

मग ही मदत सदैव भरपूर का देऊ नये? एक हिशेब करू. पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमध्ये २.४ मीटर अंतर असलेली गाडी घ्या. चालकाचा हात चुकून १ अंश हलला. चाक १/१६ अंश वळले, म्हणजे सुमारे ०.००११ रेडियन. २.४ भागिले हा कोन, म्हणजे गाडी सुमारे २,२०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर जाऊ लागली. सरळ रेषेपासून ती किती ढळते हे कापलेल्या अंतराच्या वर्गाला त्रिज्येच्या दुपटीने भागून मिळते.

ताशी १० कि.मी. वेगाने गाडी २ सेकंदांत ५.६ मीटर जाते आणि जेमतेम ७ मिलिमीटर ढळते. ताशी १०० कि.मी. वेगाने ती ५६ मीटर जाते आणि ७० सेंटिमीटर ढळते! वेग दहापट, परिणाम शंभरपट. टायरचा लवचीकपणा हिशेबात घेतला तर हा दुसरा आकडा बहुतेक गाड्यांत काहीसा कमी येईल, पण निष्कर्ष बदलत नाही. ज्या हलकेपणामुळे अरुंद जागेत गाडी लावणे सुखाचे होते, तोच हलकेपणा महामार्गावर हाताच्या प्रत्येक चुळबुळीला गाडीपर्यंत पोचवतो. तेथे हाताला थोडा विरोध हवाच.

रस्त्याकडून येणारा निरोप

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. स्टिअरिंगवरून आज्ञा खाली जाते, तसा रस्त्याचा निरोपही वर येतो.

वळणावर टायर रस्त्याला आडवे रेटतो. ठशाच्या पुढच्या टोकाला रबर नुकतेच टेकलेले असते आणि मागे जाता जाता ते अधिकाधिक ताणले जाते. त्यामुळे आडव्या बलाचा मध्य ठशाच्या मध्यापेक्षा काही सेंटिमीटर मागे पडतो. हे बल चाकाला सरळ करू पाहते. वेगातील वळणावर हाताला जाणवणाऱ्या ओढीचा मोठा भाग हाच असतो.

वळण अधिक तीव्र झाले की ठशाचा मागचा भाग प्रथम घसरू लागतो. मग बलाचा मध्य पुढे सरकतो आणि चाक सरळ करणारी ओढ कमी होते. विशेष म्हणजे टायरची एकूण पकड अजून संपलेली नसते. म्हणजे पकड सुटण्यापूर्वीच स्टिअरिंग हलके पडू लागते. पावसात निसरड्या रस्त्यावर अनुभवी चालक वळणावर वेळीच वेग कमी करतो, त्यामागे पुष्कळदा हीच सूचना असते. मदत अवाजवी असेल तर हातावरची ओढ मुळातच नगण्य होते, आणि जे नाही ते कमी झालेले कळणार कसे?

मदतीला वेगाचा लगाम

तेव्हा उभ्या गाडीला भरपूर आणि वेगवान गाडीला थोडी, अशी मदत हवी. अडचण अशी की तेलाचा पंप इंजिनावर चालतो आणि इंजिनाचा वेग म्हणजे गाडीचा वेग नव्हे. इंजिनाचे फेरे तेच असतानाही पहिल्या गिअरमध्ये गाडी रांगते आणि पाचव्यात धावते. म्हणून यंत्रणेला गाडीचा वेग वेगळा कळवावा लागतो. त्या संदेशानुसार तेलाचा काही भाग दुसरीकडे वळवतात किंवा झडप उघडण्यास विरोध निर्माण करतात.

फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९७० साली आपल्या एसएम या मोटारीत याहून धाडसी मार्ग धरला. वेग वाढेल तसे तेलाच्याच दाबाने स्टिअरिंग जड होई आणि सोडताच मध्यावर परत येई. पुढे १९८८ साली सुझुकीच्या सर्वो या छोट्या मोटारीत तेलाऐवजी विजेच्या मोटरची मदत आली. आज बहुतेक नव्या मोटारींत हीच पद्धत असते. पीळ मोजणारा संवेदक आणि वेगाची नोंद यांवरून छोटा संगणक मदत ठरवतो. मदत नको असेल तेव्हा पंप फिरवत ठेवण्याचा खर्चही वाचतो.

जडपणा म्हणजे जाणीव नव्हे

येथे एक फरक लक्षात ठेवावा. एसएमचे जड स्टिअरिंग चालकाला वेगाची जाणीव देई, पण तो विरोध रस्त्याने नव्हे, तर तेलाने निर्माण केलेला होता. चाकाखाली काय चालले आहे हे त्यातून कळत नसे. केवळ मदत कमी केल्याने निरोप आपोआप स्पष्ट होत नाही. टायरची ओढ सांध्यांच्या घर्षणातून हातापर्यंत पोचली पाहिजे. विजेच्या यंत्रणेत तर मोटर आणि तिचे दाते यांचे जडत्व आणि घर्षणही वाटेत येते. ते भरून काढून खरा निरोप तेवढा वर येऊ देणे हे आजही अभियंत्यांपुढचे कठीण काम आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, वर्गात आवर्जून सांगावी अशी. पेट्रोल वाचवण्यासाठी घाटाच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारे चालक आपण पाहतो. इंजिन बंद झाले की स्टिअरिंगची मदत जाते. चाकाशी असलेला जोड सर्वसाधारण मोटारीत कायम राहतो, पण हाताला अचानक कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. ब्रेकची मदतही दोन-चार वेळा दाबल्यावर संपते. किल्ली काढली तर स्टिअरिंगला कुलूपच लागू शकते. आणि हे सारे घडते ते नेमके वळणावळणाच्या रस्त्यावर. थोडे पेट्रोल वाचवण्यासाठी ही किंमत फार मोठी आहे.