गुरू, आश्रम, अनुयायी – लेखांक ५ : बाधा झाल्याचा निरोप

१५ ऑगस्ट २०१३ च्या रात्री जोधपूरजवळच्या मणाई गावात एक आई कुटियेबाहेर बसून होती. आत तिची सोळा वर्षांची मुलगी होती. मुलीला भूतबाधा झाली आहे आणि ती आसाराम बापूच उतरवू शकतील, असं घरच्यांना सांगण्यात आलं होतं. आई-वडिलांनी तिला स्वतः तिथवर आणलं होतं. आत जे घडलं, त्यासाठी २५ एप्रिल २०१८ रोजी जोधपूरच्या विशेष न्यायालयाने आसारामला मरेपर्यंत जन्मठेप सुनावली.

हे प्रकरण आपल्या इंदूरचंही आहे. पोलिसांनी चौकशीला बोलावल्यावर आसाराम इथे आला, खंडवा रोडवरच्या आश्रमात. बाहेर साधकांची गर्दी जमली आणि ३१ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर तिथूनच त्याला अटक झाली. तेव्हापासून एक प्रश्न तुकोगंजातल्या दिवाणखान्यांत सतत ऐकू येतो : पोटच्या पोरीला असं कुणाच्या हवाली करतं का? आई-बाप इतके आंधळे कसे?

मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो. विचारणारे आपण कोण आहोत, तेही पाहू. साउथ तुकोगंजातलं नाथ मंदिर माधवनाथ महाराजांचं. इंदूरच्या किती मराठी घरांची पावलं पिढ्यान्‌पिढ्या तिकडे वळली आहेत! गुरू आपल्याला नवा नाही. कुणी गोंदवल्याला जातं, कुणी अक्कलकोटला. दर्शन घ्यावं, प्रसाद घ्यावा, घरी यावं. मुलाला ताप आला तर डॉक्टरकडेच न्यावं. पुढच्या वर्षी गेलो नाही, तर का आला नाहीत म्हणून कुणी दारात उभं राहत नाही. ही जी परत येण्याची मोकळीक आहे, तीच काही ठिकाणी हळूहळू काढून घेतली जाते. कुटियेबाहेरच्या आईची मोकळीक त्या रात्रीच्या कितीतरी आधी संपली होती.

ती कशी संपली, हे छिंदवाड्यात दिसतं. सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी माणसांना ओळखीचं असलेलं हे गाव. तिथल्या आसारामच्या गुरुकुलात ही मुलगी वसतिगृहात राहून शिकत होती. तिचा भाऊही तिथेच होता. वडील जुने भक्त, शाहजहानपूरच्या आश्रमाच्या उभारणीत त्यांनी हातभार लावलेला. म्हणजे श्रद्धा, पैसा, प्रतिष्ठा आणि दोन्ही मुलं, सगळं एकाच ठिकाणी गुंतलेलं. ऑगस्टमध्ये मुलीची तब्येत बिघडली. निरोप आला तो बाधेचा. आजार काय हे ठरवणारे गुरुकुलाचे, उपाय सांगणारे गुरुकुलाचे, आणि उपाय करणारा त्यांचा गुरू. डॉक्टर, शिक्षक, शेजारी, नातेवाईक यांपैकी बाहेरचा एकही आवाज या साखळीत नव्हता. वसतिगृहाची वॉर्डन आणि गुरुकुलाचा संचालक यांनाही विशेष न्यायालयाने दोषी धरून वीस-वीस वर्षांची शिक्षा दिली. एका माणसाच्या विकृतीची म्हणून ही गोष्ट सांगता येत नाही, ती यासाठी. मुलीला त्या दारापर्यंत पोचवायला पगारी व्यवस्था लागली.

त्या व्यवस्थेचं सगळ्यांत जुनं कुलूप म्हणजे गुरुनिंदेची भीती. गुरूबद्दल वाईट ऐकणं हेही पाप, असं एकदा मनात भरलं की शंका आली तरी माणूस ती स्वतःपासूनच लपवतो. शंका म्हणजे आपली साधना कमी पडली. सेवेत कसूर झाली. बाहेरचे बोलतात ते षड्यंत्र. अशा घरात मुलीने तोंड उघडायचं तर तिला आई-बापांच्या सबंध आयुष्याच्या विरोधात उभं राहावं लागतं. शिवाय आई-वडिलांना मारून टाकण्याची धमकी तिला दिली गेली होती. आपल्याच माणसांना वाचवायचं म्हणून मुलं गप्प बसतात, आणि त्या गप्प राहण्याला लोक पुढे संमती म्हणतात. याची मला सगळ्यांत जास्त चीड येते.

ही मुलगी गप्प राहिली नाही. घरी पोचल्यावर तिने आईला सांगितलं. आणि इथे त्या ‘आंधळ्या’ बापाने काय केलं ते पाहा. आसारामचा कार्यक्रम तेव्हा दिल्लीत रामलीला मैदानावर होता. बाप मुलीला घेऊन दिल्लीला गेला आणि कमला मार्केट पोलीस ठाण्यात झीरो एफआयआर नोंदवला, म्हणजे गुन्हा कुठेही घडलेला असो, समोरच्या ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा. तारीख २० ऑगस्ट २०१३. त्याच दिवशी सकाळी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. बाबाबुवांकडून होणाऱ्या शोषणाविरुद्ध कायदा व्हावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं खर्ची घातली होती. तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात त्याच डिसेंबरमध्ये झाला. त्याचा अंमल मात्र महाराष्ट्राच्या हद्दीत संपतो. छिंदवाडा त्या हद्दीपलीकडे.

एक मुलगी बोलली आणि मागोमाग सुरतच्या दोन बहिणी बोलल्या. थोरलीच्या तक्रारीवर आसारामला गांधीनगरच्या न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दुसरी जन्मठेप दिली. धाकटीच्या तक्रारीवर त्याचा मुलगा नारायण साई २०१९ मध्ये दोषी ठरला. आसारामच्या मोटेरा आश्रमातला थोरलीवरचा अत्याचार २००१ ते २००६ या काळातला. इतकी वर्षं ती ते एकटी वाहत होती.

मग साक्षीदारांवर हल्ले सुरू झाले. २०१४ मध्ये राजकोटला आसारामच्या एकेकाळच्या वैद्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला नाही. जानेवारी २०१५ मध्ये मुझफ्फरनगरला पूर्वीचा स्वयंपाकी मारला गेला. त्याच जुलैत शाहजहानपूरला आणखी एक साक्षीदार. या हल्ल्यांचे तपास आणि खटले वेगळे आहेत. पण बळी कोण होते हे लक्षात घ्या. बहुतेक जण एकेकाळी आतले होते आणि बाहेर येऊन बोलत होते. जगातही हेच दिसतं. गयानातल्या जोन्सटाउन या पंथाच्या वसाहतीत १८ नोव्हेंबर १९७८ रोजी नऊशेहून अधिक माणसं मेली, त्यांत सुमारे तीनशे मुलं. विषाचं वाटप झालं त्याच्या थोडंच आधी, पंथ सोडून निघालेल्या काही अनुयायांना घेऊन परतणारे अमेरिकन खासदार लिओ रायन यांना धावपट्टीवर गोळ्या घातल्या गेल्या होत्या. जपानच्या ओम शिनरिक्यो पंथाने १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायू सोडला हे सगळ्यांना माहीत असतं. पण १९८९ मध्येच त्यांनी अनुयायांच्या कुटुंबांची बाजू लढवणाऱ्या वकिलाला त्याची पत्नी आणि तान्ह्या मुलासह संपवलं होतं. असा पंथ परक्यांवर उठतो त्याआधी घर सोडणाऱ्यांवर आणि त्यांचा हात धरणाऱ्यांवर उठतो.

म्हणून मला वाटतं, घरातलं कुणी अशा ठिकाणी अडकलं असेल तर त्याच्या गुरूवर वाद घालण्यात ताकद घालवू नका. ते ऐकणं त्याला पाप वाटतं, आणि तो तुमच्याकडे येणंच थांबवतो. त्याच्याशी बोलणं तुटू देऊ नका. सणाला बोलवा, आजारपणात जा. मूल वसतिगृहात असेल तर अचानक भेटायला जा आणि त्याच्याशी एकांतात बोला. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. नातं लागतं की नाही, हा प्रश्नच नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

आणि जे बोलायला तयार होतात, त्यांच्यासाठी एक वाट आता आहे. आसाराम प्रकरणातलेच एक साक्षीदार महेंद्र चावला यांच्यावर २०१५ मध्ये पानिपतजवळ गोळीबार झाला. ते वाचले आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या याचिकेवर ५ डिसेंबर २०१८ रोजी न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती देशभर लागू केली. साक्षीदाराने जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करायचा, पोलिसांनी धोक्याचा अहवाल पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचा. त्यावर घराभोवती पहारा, तात्पुरती जागा बदलणं, गरज पडल्यास ओळख बदलणं, असे उपाय ठरतात. इंदूरच्या जिल्हा न्यायालयातही हा अर्ज करता येतो.

(पुढील लेखांकात : ओम शिनरिक्योतून बाहेर पडलेल्यांचं पुढे काय झालं)