इंग्रजी वाक्प्रचार व संभ्रमकारक शब्द

घटक शब्दांच्या सुट्या अर्थांवरून ज्याचा अर्थ निष्पन्न होत नाही, अशा रूढ शब्दसमूहास वाक्प्रचार म्हणतात. ‘किक द बकेट’ याचा शब्दशः अर्थ ‘बादलीला लाथ मारणे’ असला, तरी रूढार्थ ‘मरणे’ असा आहे. मराठीतील ‘राम म्हणणे’ याची घडण अशीच आहे. उच्चार, लेखन वा अर्थ यांतील साम्यामुळे ज्यांची गल्लत होते, ते संभ्रमकारक शब्द होत. मराठी भाषकाच्या अशा अनेक चुकांचे मूळ त्याच्या मातृभाषेच्या घडणीत आढळते.

मराठीत ‘उसने’ या एकाच शब्दास ‘देणे’ वा ‘घेणे’ जोडून भेद दर्शविला जातो. इंग्रजीत मात्र ‘लेंड’ व ‘बॉरो’ ही स्वतंत्र क्रियापदे आहेत. ‘लूस’ (सैल) व ‘लूझ’ (गमावणे) यांतील भेद मराठीत रुळलेल्या ‘लूज’ या रूपामुळे पुसट होतो. ‘स्थिर’ व ‘लेखनसाहित्य’ या अर्थांचे ‘स्टेशनरी’ हे दोन शब्द इंग्रजीत एका अक्षराच्या फरकाने वेगळे लिहिले जातात. देवनागरीत ते सारखेच दिसतात.

अशी गल्लत प्रसंगी घातक ठरते. छत्रपती संभाजीनगर–पैठण मार्गावरील चितेगावसारख्या कारखान्यांच्या परिसरात इंग्रजी सूचनांशी कामगारांचा संबंध येतो. ‘इन’ हा उपसर्ग नकारार्थी समजल्यास ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे ‘न पेटणारा’ असा उलटा अर्थ होतो. वस्तुतः येथील ‘इन’ लॅटिनमधील ‘पेटविणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा भाग असून शब्दाचा अर्थ ‘ज्वालाग्राही’ असाच आहे. म्हणून सुरक्षा-सूचनांत ‘फ्लेमेबल’ हे निःसंदिग्ध रूप पसंत केले जाते. याउलट ‘इन्व्हॅल्युएबल’ मधील ‘इन’ नकारार्थी असूनही त्याचा अर्थ ‘मोल करता न येण्याइतका मौल्यवान’ असा होतो. मराठी ‘अमूल्य’ शब्दाच्या आधारे तो सहज उमगतो.

वाक्प्रचारांचे शब्दशः भाषांतर सहसा निष्फळ ठरते. ‘पोटात कावळे ओरडणे’ याचे अक्षरशः इंग्रजी रूपांतर इंग्रजी भाषकास दुर्बोध होय. तथापि, समाजाने स्वीकारल्यास भाषांतरित प्रयोगही रूढ होतो; ‘नक्राश्रू ढाळणे’ हा मराठी प्रयोग इंग्रजीवरून आला आहे.

मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी–मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी इयत्ता पहिलीपासून शिकविली जाऊ लागली. तथापि, केवळ प्रतिशब्द पाठ करून हे भेद आत्मसात होत नाहीत. संभ्रमकारक शब्दांची जोडी वाक्यांत एकत्र योजून व वाक्प्रचार प्रसंगासह शिकणे अधिक उपयुक्त ठरते.