स्नायू आणि हालचाल : दवाखान्यात काय व कसे सांगावे

जयपूरमध्ये राहणाऱ्या, तसेच उपचारांसाठी तेथे जाणाऱ्या मराठी भाषक कुटुंबांसाठी

आपल्या शरीरात 600हून अधिक स्नायू आहेत. स्नायू आखूड होऊन हाडाला ओढतो. तो हाडाला ढकलू शकत नाही. म्हणून बहुतेक सांध्यांपाशी स्नायू जोडीने काम करतात. दंडाच्या पुढील बाजूचा स्नायू कोपर वाकवतो, मागील बाजूचा ते सरळ करतो. नडगीलगतचा स्नायू पाऊल वर उचलतो, तर पोटरीचे स्नायू टाच उचलतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीस कंडरा म्हणतात. हाडाला हाडाशी बांधून ठेवणारा पट्टा म्हणजे अस्थिबंध. मेंदूचा आदेश स्नायूपर्यंत मज्जातंतू पोहोचवतात. यांपैकी काहीही बिघडले तरी हालचाल अडते. मात्र प्रत्येकाचा उपचार निराळा असतो.

शब्द सारखा, अर्थ वेगळा

‘शीर आखडली’, ‘नस चढली’ असे आपण सहज म्हणतो. ऐकणाऱ्यास मात्र शीर म्हणजे रक्तवाहिनी, मज्जातंतू की कंडरा, हे उमगत नाही. हिंदी भाषक प्रदेशात ही अडचण वाढते. पुढील शब्द विशेष ध्यानात ठेवावेत :

• मराठीतील ‘स्नायू’ला हिंदीत ‘मांसपेशी’ म्हणतात. हिंदीत ‘स्नायु’ हा शब्द अस्थिबंध किंवा मज्जातंतू या अर्थीही वापरला जातो.
• मराठीत ‘पेशी’ हा शरीराचा अतिसूक्ष्म घटक होय. त्यास हिंदीत ‘कोशिका’ म्हणतात.
• मराठीत ‘जांघ’ म्हणजे मांडी व ओटीपोट यांमधील भाग. हिंदीत ‘जांघ’ म्हणजे मांडी.
• पोटरीस हिंदीत ‘पिंडली’, घोट्यास ‘टखना’ व टाचेस ‘एड़ी’ म्हणतात.

दुखरी जागा बोटाने दाखवावी आणि कोणती हालचाल होत नाही, ते करून दाखवावे. नावात गोंधळ झाला तरी हालचालीत होत नाही.

हालचालीचे महत्त्व : जयपूर फूट

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात 1968च्या सुमारास अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ‘जयपूर फूट’ हे कृत्रिम पाऊल विकसित केले. त्या काळी मिळणाऱ्या परदेशी धाटणीच्या कृत्रिम पावलांचा घोटा ताठ असे. बूट घालून वावरणाऱ्या व खुर्चीवर बसणाऱ्या माणसास ते चालत असे. येथील रुग्णांना मात्र उकिडवे बसायचे, मांडी घालायची व शेतातून अनवाणी चालायचे होते. उकिडवे बसताना पाऊल नडगीकडे वळावे लागते; उंचसखल जमिनीवर तळवा आत-बाहेर कलावा लागतो. या हालचाली लक्षात घेऊनच रबर व लाकूड यांपासून नवे पाऊल घडवण्यात आले. 1975 मध्ये स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती ते गरजूंना विनामूल्य बसवून देते.

उपचाराच्या कागदावरील शब्द

• फ्लेक्शन : सांधा वाकवणे
• एक्स्टेन्शन : सांधा सरळ करणे
• अ‍ॅबडक्शन : हात किंवा पाय अंगापासून दूर नेणे
• अ‍ॅडक्शन : तो अंगाकडे परत आणणे
• रोटेशन : अवयव त्याच्याच आसाभोवती फिरवणे, जसे मान वळवणे

तक्रार नेमकी सांगावी

• वेदना : दुखते, पण हालचाल करता येते.
• आखडणे : सांधा पूर्ण वाकत अथवा सरळ होत नाही.
• पेटका येणे : स्नायू एकाएकी घट्ट होऊन त्याचा गोळा होतो.
• मुरगळणे : सांध्याला पीळ पडून अस्थिबंध ताणला जातो.
• बधिरपणा : स्पर्श, उष्णता किंवा जखम जाणवत नाही.
• अशक्तपणा : दुखत नाही, पण प्रयत्न करूनही अवयव उचलत नाही.

उदाहरणार्थ, चालताना चप्पल पायातून निसटते व ते कळतही नाही, हा बधिरपणा होय. मधुमेह असलेल्यांनी तो विशेष गांभीर्याने घ्यावा व तळपाय रोज पाहावेत. न जाणवलेली जखम चिघळून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. पाऊल वर उचलत नसल्यामुळे बोटे जमिनीला घासत असतील, तर तो अशक्तपणा होय. दोन्ही प्रसंगी तपासणी आवश्यक आहे. तक्रार कधी सुरू झाली, ती अचानक आली की हळूहळू वाढली आणि कोणते काम करणे थांबले, हे घरूनच कागदावर लिहून न्यावे.

विलंब करू नये

• चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे, एका बाजूचा हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे : हा पक्षाघात असू शकतो. लक्षणे सुरू झाल्याची वेळ नोंदवून तत्काळ 108 क्रमांकावर संपर्क साधावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.
• 15 वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडणे : त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्यावे. भारत 27 मार्च 2014 रोजी पोलिओमुक्त घोषित झाला. ही स्थिती टिकवण्यासाठी अशा प्रत्येक मुलाची तपासणी होते. लुळेपणा आल्यापासून 14 दिवसांच्या आत, किमान 24 तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घेतले जातात.
• कंबरदुखीसोबत पायांतील बळ जाणे, जांघेत बधिरपणा येणे, लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे : तातडीने रुग्णालय गाठावे.

अशा वेळी मालीश करून किंवा शेक देऊन वाट पाहू नये. वेदना नसली तरी अचानक गेलेले बळ हे तातडीचेच लक्षण समजावे.