पहाटेच्या विमानाआधीचा मुक्काम
ठाण्यातील माजिवड्याहून गायमुख घाटमार्गे काशिमीऱ्याकडे जाणाऱ्या घोडबंदर रोडवर अवजड वाहनांची कोंडी नित्याचीच असल्याने, पहाटेचे विमान गाठणाऱ्या तेथील रहिवाशाला आदल्या रात्रीचा विमानतळाजवळचा स्वस्त मुक्काम सोयीचा ठरू शकतो. याचा जपानी नमुना म्हणजे कॅप्सूल हॉटेल, अर्थात एका माणसाला झोपण्यापुरत्या, एकावर एक रचलेल्या कप्प्यांचे आणि सामाईक स्नानगृहांचे निवासस्थान. वास्तुरचनाकार किशो कुरोकावा यांनी आखलेले असे पहिले हॉटेल १९७९ मध्ये ओसाका येथे सुरू झाले. मुंबईत हा प्रकार २०१७ मध्ये अंधेरीत आला, तर २०२१ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकात (जे विमानतळापासून दूरच) आयआरसीटीसीचे ‘पॉड हॉटेल’ उघडले. एकट्या प्रवाशाला कप्पा पुरतो. मोठ्या बॅगा घेऊन निघालेल्या कुटुंबाला मात्र साधी खोलीच बरी.