साडेसोळा मिलिमीटर

पुण्यात कर्वे रस्ता सोडून कोथरूडच्या गल्लीत शिरलं की एका इमारतीत छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी ते उभं केलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं केलं. भाऊंचा व्यवसाय उपकरणांचा, पण जीव आगगाडीत. खोलीच्या मधोमध आख्खं शहर मांडलेलं आहे. निवेदन सुरू होतं, दिवे मंदावतात, शहरात रात्र होते आणि खिडक्या उजळतात. धूर सोडणारं वाफेचं इंजिन निघतं, बुलेट ट्रेन जाते, डोंगरावर फ्युनिक्युलर चढते. सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, मोटारीत बसून सिनेमा पाहायचं मैदानही आहे. साठाहून अधिक सिग्नल आहेत आणि हा सगळा कारभार एका पॅनेलवरून चालतो.

मुलं सर्कशीकडे बघतात. ज्यांना हा छंद आहे ती माणसं मात्र कमरेत वाकून रुळांकडे बघतात. रूळ कोणत्या मापाचे आहेत, रूळ बदलणाऱ्या सांध्याला कोणती मोटर लावली आहे, वळणावर शेवटचा डबा किती बाहेर झुकतो, हे त्यांना पाहायचं असतं. अशी दोन माणसं शेजारी उभी राहिली की ओळख करून द्यावी लागत नाही. एक जण म्हणतो, "एचओ ना?" दुसरा मान डोलावतो आणि पुढचा तास गेलाच म्हणून समजा.

एचओ म्हणजे खऱ्या रेल्वेचा सत्त्याऐंशीवा भाग. जगात सर्वांत जास्त चालणारं माप हेच, आणि त्यातल्या रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. या आकड्याला ८७ ने गुणलं की जवळजवळ १४३५ मिलिमीटर येतात. युरोप-अमेरिकेतलं स्टँडर्ड गेज तेवढंच. आपली रुंदमापी रेल्वे १६७६ मिलिमीटरची. तिला सत्त्याऐंशीने भागलं तर सव्वाएकोणीसहून थोडं जास्त येतं. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या तयार रुळांवर आपली डेक्कन क्वीन ठेवली की खऱ्या मापात ती जवळजवळ पाऊण फूट अरुंद रुळांवर उभी राहते. समोरून पाहिलं की ते खटकतं. डबा पुरेसा रुंद दिसतो, पण चाकं आत ओढल्यासारखी वाटतात.

या पावणेतीन मिलिमीटरवर छंदी मंडळींचे वाद रात्र रात्र रंगतात. एक पक्ष म्हणतो, गाडी बाजूने बघायची असते, रूळ कोण मोजतो? दुसरा पक्ष स्वतः रूळ घालायला बसतो. तांब्याचा पत्रा असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्या कापून स्लीपर करायचे, त्यांवर रूळ सोल्डर करायचे आणि दर काही इंचांवर मापाचा ठोकळा फिरवून बघायचा. एक सांधा करायला एक रविवार सहज जातो. मला या दुसऱ्या पक्षाबद्दल मनापासून आदर आहे. ज्याने हाताने सांधा केला त्याला खरा सांधा कसा चालतो हे कायमचं कळतं, कुठल्याही पुस्तकातून कळलं नसतं इतकं नीट.

सांध्याची गोष्ट निघालीच आहे तर जरा जवळून पाहू. छोट्या रेल्वेत वीज रुळांतूनच जाते. एक रूळ धन, दुसरा ऋण, बारा व्होल्टपर्यंतचा दाब, चाकांनी ती उचलायची आणि इंजिनातल्या मोटरला द्यायची. धन-ऋण उलटं केलं की गाडी उलटी धावते. सांध्यात जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, तिथे दोन्ही बाजूंची वीज भिडली तर शॉर्ट होणार. म्हणून तयार सांध्यात तेवढा तुकडा बहुधा प्लॅस्टिकचा असतो. लांब इंजिन त्यावरून आरामात जातं, कारण त्याची बाकीची चाकं विजेवर असतात. शंटिंगचं आखूड इंजिन हळू चालवलं की नेमकं तिथे थांबतं. मग मालक बोटाने ढकलतो आणि आजूबाजूचे सगळे हसतात, कारण हे प्रत्येकाच्या घरी होतं. उपाय ज्याचा त्याचा वेगळा. कुणी डब्याच्याही चाकांतून वीज घेतो, कुणी इंजिनात कपॅसिटर बसवतो. बहुतेक वेळा मात्र दोष रुळावरच्या काळ्या थराचा निघतो. अल्कोहोल लावलेला सुती फडका फिरवला की इंजिन शहाण्यासारखं चालू लागतं. सावधपणे काम करणारी माणसं गाडी सुरू करण्याआधी रूळ पुसतात, बाकीची बंद पडल्यावर.

गप्पांत खडीचा विषय हमखास येतो. रेल्वेची खडी जास्तीत जास्त पासष्ट मिलिमीटरची, म्हणजे एचओमध्ये पाऊण मिलिमीटर. परदेशी पुड्यांतली खडी फिकट राखाडी असते, आणि आपला दख्खनचा दगड काळा बेसाल्ट. म्हणून इथले लोक बांधकामावरची कच आणतात, चहाच्या गाळणीतून चाळतात आणि बारीक ब्रशने स्लीपरांमध्ये पसरतात. मग पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि हे मिश्रण ड्रॉपरने थेंब थेंब सोडायचं. साबण नसेल तर पाण्याचा थेंब खडीवर गोळा होऊन बसतो आणि सगळी मांडणी विस्कटते. "साबण घातलास ना रे?" हा प्रश्न मी जितक्या प्रेमाने विचारलेला ऐकला आहे, तितक्या प्रेमाने लोक तब्येतीचीही चौकशी करत नाहीत.

मराठी माणसाने लेआउट करायचं ठरवलं की पहिलं स्वप्न बोरघाटाचं. १८६३ मध्ये हा घाट रेल्वेसाठी खुला झाला. चढ ३७ ला १, म्हणजे मांडणीत दर मीटरला पावणेतीन सेंटिमीटर. इतकं उचलायला हरकत नाही, छोटी इंजिनं चढतात. अडचण लांबीची. कर्जत ते लोणावळा अठ्ठावीस किलोमीटर, ते सत्त्याऐंशीने भागले तरी तीनशे वीस मीटर होतात. आजचा लांब डबा सत्तावीस सेंटिमीटर, सोळा डब्यांची गाडी चौदा फूट. दिवाणखान्यात ती पूर्ण मावतही नाही. तेव्हा निवड करावी लागते. सगळे बोगदे नाहीत, दोन. सोळा डबे नाहीत, सहा. पण मागून ढकलणारी बँकर इंजिनं काढून चालणार नाही, कारण त्यांच्याशिवाय तो घाट बोरघाट वाटतच नाही. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवताना माणसाला त्या जागेचं मर्म शोधावं लागतं. या छंदातलं सर्वांत अवघड काम मला हेच वाटतं.

या घाटातल्या जुन्या इंजिनांपैकी डब्ल्यूसीजी-१ ला रेल्वेतली माणसं खेकडा म्हणत. स्वित्झर्लंडमधल्या 'मगर' इंजिनांच्या कुळातलं ते. मधे चालकाची खोली, दोन्ही बाजूंना लांब नाकं, बाहेरून हलणारे दांडे. त्या स्विस मगरीचं मॉडेल जर्मनीची मेर्कलिन कंपनी कित्येक दशकं विकत आली आहे, आणि जगभरचे छंदी त्यासाठी जीव टाकतात. आपला खेकडा हवा असेल तर बहुधा स्वतःच करावा लागतो, पुठ्ठा, प्लॅस्टिकचा पत्रा किंवा थ्रीडी प्रिंटर घेऊन.

आता मला जे खरं म्हणायचं आहे ते. मोठी रुंदमापी रेल्वे तयार रुळांवर खोटी दिसते, पण आपली छोटी नॅरोगेज अगदी खरी उतरते. ७६२ मिलिमीटरला सत्त्याऐंशीने भागा, पावणेनऊ येतात. बाजारात एन मापाचे रूळ नऊ मिलिमीटरचे मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक कुणाच्या डोळ्याला दिसणार? एव्हरर्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे याच मापाची होती. १८९७ मध्ये बार्शीपासून सुरू झालेली, पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेलेली, वारकऱ्यांना वाहणारी. मूर्तिजापूरची शकुंतला आणि पाचोरा-जामनेरची गाडीही त्याच मापाच्या होत्या. डबे आखूड, वळणं तीव्र, स्टेशनं टुमदार. चार फूट फळीवरही सबंध स्टेशन बसतं. ज्याच्या घरी जागा कमी आहे त्याने बोरघाटाचा नाद सोडून इकडे यावं, असं मी भेटेल त्याला सांगतो.

याच मापाची एक लाइन नर्मदेकडे जात होती. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या काळात, १८६२ मध्ये, मियागाम ते डभोई हा नॅरोगेज रस्ता झाला तेव्हा गाडी ओढायला बैल होते. पुढे डभोईहून एक फाटा नर्मदाकाठी चांदोदला गेला. नदीने तिथून वर गेलं की गरुडेश्वर, टेंबे स्वामींची समाधी, आणि आणखी वर सरदार सरोवर धरणाच्या भिंतीजवळ मणिबेली, नंदुरबार जिल्ह्यातलं, अक्कलकुवा तालुक्यातलं. गावात रेल्वे कधी आली नाही. सरदार सरोवराचं पाणी महाराष्ट्रात आधी आलं ते मणिबेलीत. नव्वदच्या दशकात गावाने आणि नर्मदा बचाओ आंदोलनाने तिथे सत्याग्रह केला. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर पाण्याखाली गेलं. परिक्रमेची वर्णनं वाचणाऱ्यांना शूलपाणीची झाडी ठाऊक असते. त्या झाडीचा काठ आज नकाशावर निळा आहे. चांदोदची नॅरोगेज काढून रुंदमापी झाली, ती केवडियापर्यंत वाढली आणि १७ जानेवारी २०२१ रोजी तिथलं नवं स्टेशन सुरू झालं. भिंतीच्या खाली काचेच्या छताचा डबा येतो, आणि भिंतीच्या वरच्या अंगाला मणिबेलीची माणसं आजही होडीने ये-जा करतात.

चांदोदची जुनी लाइन कुणीतरी नऊ मिलिमीटरवर करावी अशी माझी तीव्र इच्छा आहे. फळीच्या एका टोकाला स्टेशन, दुसऱ्या टोकाला नदी, आणि जागेचं अंतर आवळून का होईना, काठावर शूलपाणेश्वराचं मंदिर. अंतर आवळण्याची मुभा बोरघाट करणाऱ्याला आहे, तर इथेही असावी. मात्र मंदिराच्या पायऱ्या अंदाजाने करू नयेत. तो काठ पाहिलेली म्हातारी माणसं मणिबेलीत आणि पुनर्वसनाच्या वसाहतींत आहेत. त्यांच्याजवळ बसून विचारावं, पाणी कितव्या पायरीला लागायचं, वाट कोणत्या अंगाने चढायची, सावलीला झाड कोणतं होतं. झाड सागाचं की मोहाचं यावरून पानाचा रंग आणि फांद्यांची तार ठरते.

गाडीच्या बाबतीत फोटो हवेत. डब्याचा रंग सांगणारे पुष्कळ भेटतात, मापं कुणालाच आठवत नाहीत. चांदोदच्या फलाटावर काढलेला एखादा कौटुंबिक फोटो जुन्या ट्रंकेत निघाला तर टाकू नका. त्यात डब्याशेजारी माणूस उभा असेल तर उत्तमच. त्याची उंची साधारण साडेपाच फूट धरली की दाराची उंची निघते, दारावरून खिडकी, खिडकीवरून डब्याची लांबी, आणि तेवढ्यावर कामाला सुरुवात करता येते.