मायकोवरचा आळ

उसाचा हंगाम, डिसेंबरची पहाट. बीदरजवळच्या नौबादच्या रस्त्याकडेला रात्रभर उभा राहिलेला ट्रक काही केल्या उठत नाही. क्लीनर सेल्फ मारतो, इंजिन दोनदा घरघरतं आणि गप्प बसतं. चौथ्या-पाचव्या खेपेला बॅटरीच मान टाकते. मग ड्रायव्हर खाली उतरतो, टायरवर एक लाथ घालतो आणि निकाल देऊन टाकतो : ‘‘मायको गेला.’’

बीदरचं पठार दोन हजार फुटांहून उंच आहे, इथला गारठा खोटा नाही. निकाल मात्र बहुतेक वेळा खोटा ठरतो.

मायको म्हणजे डिझेलचा पंप. खरं तर ती कंपनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. मोटर इंडस्ट्रीज कंपनी 1951 साली भारतात स्थापन झाली, ती जर्मनीच्या बॉशच्या सहकार्यानं. बॉशनं ट्रकसाठी असे पंप कारखान्यात घडवायला 1927 मध्येच सुरुवात केली होती. 2008 मध्ये इथल्या कंपनीनंही बॉश हेच नाव घेतलं. पण नौबादला कन्नड, उर्दू, मराठी कुठल्याही भाषेत बोला, पंपाला नाव एकच. त्यावर वाद नाही.

डिझेल इंजिनात प्लग नसतो, ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की तीच पाचशे अंशांच्या वर तापते. त्या हवेत डिझेलची बारीक फवारणी झाली की भडका उडतो. सहा सिलिंडरच्या इंजिनात पंपाचे सहा प्लंजर एक-पाच-तीन-सहा-दोन-चार या क्रमानं डिझेल ढकलतात. नोझल उघडायला हवेच्या दाबाच्या दोनशेपट किंवा त्याहून थोडा जास्त दाब लागतो. प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढी. एवढ्या नाजूक जोडीला मैदानात, धुळीत, पान्यानं उघडायचं म्हणजे घड्याळ चुलीपाशी खोलण्यासारखं आहे. म्हणून जाणता मिस्त्री पंपाला शेवटी हात लावतो. आधी तो विचारतो : काल संध्याकाळी गाडी कशी चालत होती? रात्री उभी कुठे केली, चढाला तोंड करून?

प्रश्न चक्रम वाटतो, पण अर्धं निदान त्यातच असतं. टाकीपासून फीड पंपापर्यंतचं डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्या टप्प्यात पाइपाला चीर असली, बँजो बोल्टखालचा तांब्याचा वायसर दबलेला असला, तर डिझेल बाहेर गळत नाही. हवा आत शिरते. खाली ओल नसते, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. रात्रभर डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं आणि टाकी खालच्या अंगाला असली तर जास्तच. सकाळी लाइन रिकामी. हातपंप मारून एअर काढली की हीच गाडी दिवसभर कुरकुर न करता धावते आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच! ही खूण दिसली की मायकोला निर्दोष सोडून द्यावं. खात्री हवी असेल तर फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी जोडून बघावं. बुडबुडे दिसले की चोर सापडला.

नौबादला हे सांगताना करेजची आठवण होते. पंधराव्या शतकात बहमनी काळात इथल्या जमिनीखालून पाण्याचा बोगदा नेला, त्याला जागोजागी वर उघडणारे उभे कूप ठेवले. तिथे हवा हवीच, तिच्याशिवाय खणणारा आत उतरणार कसा? ट्रकच्या लाइनला तोच बुडबुडा नडतो, कारण हवा दबते आणि दाबच बसत नाही. टाकीच्या झाकणाचं मात्र करेजशी जमतं. त्याचं बारीक भोक चिखलानं बुजलं की आत पोकळी होते, दहा-वीस किलोमीटरवर गाडी दम तोडते. झाकण उघडलं की ‘फस्स’ आवाज, आणि गाडी चालू. या भोकापायी किती जणांनी पंप उतरवला असेल!

हवा नसेल तर धूर बघायचा. सेल्फ फिरतोय पण सायलेन्सरमधून काहीच नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही : फिल्टर तुंबला, जाळीत गाळ अडकला, नाहीतर स्टॉपची केबल अर्ध्यावर अडकली. पांढरा धूर निघत असेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाही. तेव्हा बॅटरी, टायमिंग, नोझल आणि शेवटी कॉम्प्रेशन. बॅटरीला कमी लेखू नका. सेल्फ मंद फिरला तर हवा तापतच नाही. मिसिंग मारणाऱ्या गाडीत इंजिन चालू ठेवून नोझलच्या पाइपाचा नट एकेक ढिला करून आवाज ऐकतात. ज्या नटानं आवाज बदलत नाही, त्याचं सिलिंडर आधीच झोपलेलं असतं. नोझल काढून टेस्टरवर पिचकारी बघितली, ती थेंब-थेंब पडली नाही, आणि तरीही रोग हटला नाही, तरच पंप कॅलिब्रेशनला न्यावा.

ही सगळी विद्या जुन्या पंपाची. एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 गाड्याच विकल्या जातात. त्यांत कॉमन रेल असते, दाब हवेच्या दाबाच्या दीड हजारपटीच्या वर. तिथे स्कॅनर लागतो, आणि इंजेक्टरच्या रिटर्नला बाटल्या लावून कोण जास्त डिझेल परत पाठवतो ते मोजतात. हवा, फिल्टर आणि टाकीचं झाकण यांचे नियम मात्र तिथेही तेच. तुमची गाडी त्यातली असेल तर चालू इंजिनावर नट ढिला करून बघण्याच्या फंदात अजिबात पडू नका. त्या दाबाची बारीक धार हाताची कातडी फोडून आत घुसते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखान्यात जावं लागतं.